महाविद्यालयीन क्रीडाप्रक्षेपणातील मद्यजाहिराती : अमेरिकेतील धोरणाची चिकित्सा

प्रस्तावना

अमेरिकेत महाविद्यालयीन खेळ हा विद्यार्थ्यांच्या फावल्या वेळापुरता मर्यादित विषय राहिलेला नाही. शरद ऋतूतील शनिवारचे अमेरिकी फुटबॉलचे सामने आणि मार्च-एप्रिलमधील बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा कोट्यवधी प्रेक्षक दूरचित्रवाणीवर पाहतात. या बास्केटबॉल स्पर्धेसाठी सी.बी.एस. वाहिनीने १९९९ मध्ये केलेला करार ११ वर्षांसाठी ६ अब्ज डॉलरचा होता. २०१० मध्ये सी.बी.एस. व टर्नर यांच्याशी झालेला करार १४ वर्षांसाठी १०.८ अब्ज डॉलरचा होता. एवढी रक्कम भरून काढण्यासाठी वाहिन्यांना मोठे जाहिरातदार लागतात आणि बिअर उत्पादक त्यांत आघाडीवर राहिले आहेत. मैदानावरील अनेक खेळाडूंचे वय २१ पूर्ण झालेले नसते. म्हणजे त्यांच्या खेळाच्या मध्यंतरात ज्या पेयाची जाहिरात होते, ते पेय विकत घेण्याचा अधिकार कायद्याने त्यांनाच नसतो.

या विषयावरील चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरते : जाहिरातीमुळे तरुणांचे मद्यपान वाढते की नाही? हा प्रश्न महत्त्वाचा असला तरी तो पुरेसा नाही. जाहिरातदार येथे नेमके काय विकत घेतो आणि महाविद्यालय नेमके काय विकते, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने या धोरणाची चिकित्सा केली आहे.

१९८४ : दोन निर्णय

या प्रश्नाचे मूळ १९८४ मध्ये तीन आठवड्यांच्या अंतराने झालेल्या दोन निर्णयांत आहे. २७ जून रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओक्लाहोमा विद्यापीठाच्या खटल्यात निकाल दिला. तोपर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचे प्रक्षेपण नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन (एन.सी.ए.ए.) ही मध्यवर्ती संस्था नियंत्रित करीत असे. ते नियंत्रण मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारे आहे, असे न्यायालयाने ठरविले. परिणामी विद्यापीठे व त्यांचे प्रादेशिक संघ, म्हणजे कॉन्फरन्स, आपले हक्क स्वतः विकू लागले. १७ जुलै रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी किमान मद्यवयाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २१ वर्षांखालील व्यक्तीस मद्यखरेदीची मुभा देणाऱ्या राज्यांचा महामार्ग निधी कापण्याची तरतूद त्यात होती. १९८८ पर्यंत सर्व राज्यांनी ही वयोमर्यादा स्वीकारली.

पहिल्या निर्णयाने महाविद्यालयांना प्रक्षेपणाच्या बाजारात मोकळे सोडले. दुसऱ्याने त्यांच्या बहुसंख्य पदवीपूर्व विद्यार्थ्यांना मद्याच्या कायदेशीर बाजारातून बाहेर ठेवले. एकाच संस्थेने एका हाताने शिस्तभंगाची नोटीस द्यायची आणि दुसऱ्या हाताने बिअरच्या जाहिरातीचा पैसा घ्यायचा, ही विसंगती येथूनच सुरू होते.

ताशी साठ सेकंदांचा नियम

एन.सी.ए.ए.च्या जाहिरातविषयक धोरणाचा घोषित हेतू असा की, उच्च शिक्षणाच्या हिताच्या दिसत नाहीत अशा जाहिराती वगळाव्यात. त्यानुसार तंबाखू आणि जुगार यांच्या जाहिरातींना राष्ट्रीय स्पर्धांच्या प्रक्षेपणात स्थान नाकारण्यात आले. तीव्र मद्येही वगळण्यात आली. मात्र ६ टक्क्यांपर्यंत मद्यार्क असलेल्या बिअरसारख्या पेयांना सवलत मिळाली आणि तिला प्रक्षेपणाच्या दर तासाला ६० सेकंदांची मर्यादा घालण्यात आली. अर्ध्या मिनिटाची एक जाहिरात धरली, तर ताशी दोन जाहिराती.

हा नियम काळजीपूर्वक वाचला तर त्याचे तर्कशास्त्र स्वतःशीच भांडताना दिसते. बिअरची जाहिरात उच्च शिक्षणाच्या हिताविरुद्ध नसेल, तर तिला मर्यादेची गरज काय? ती हिताविरुद्ध असेल, तर साठ सेकंदही का? प्रमाणाचा निकष औषधाच्या मात्रेला शोभतो. तत्त्वाच्या प्रश्नाला तो लागू पडत नाही. तंबाखूच्या बाबतीत मात्रा ठरविण्याचा प्रश्न कोणी उपस्थित केला नाही, कारण तेथे तत्त्व मान्य होते. बिअरच्या बाबतीत तत्त्व मान्य आहे, परंतु उत्पन्नही हवे आहे. साठ सेकंद ही त्या दोहोंमधील तडजोड आहे.

शिवाय या नियमाचा आवाका मर्यादित आहे. तो एन.सी.ए.ए.च्या स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धांना लागू होतो. १९८४ नंतर नियमित हंगामातील सामन्यांचे हक्क कॉन्फरन्सकडे गेल्याने तेथील निर्णय त्यांच्या हाती राहिला. हा निर्णय वेगळा असू शकतो, याचे उदाहरणही उपलब्ध आहे. २००७ मध्ये बिग टेन कॉन्फरन्सची स्वतंत्र वाहिनी सुरू झाली, तेव्हा तिने मद्याच्या जाहिराती न घेण्याचे जाहीर केले. मद्यजाहिरातींवाचून महाविद्यालयीन खेळांची वाहिनी उभी राहू शकत नाही, या समजुतीला त्यामुळे छेद मिळाला.

विरोधाची चळवळ

२००३ मध्ये ‘सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट’ या संस्थेने क्रीडाप्रक्षेपण मद्यमुक्त करण्याची मोहीम सुरू केली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचे माजी बास्केटबॉल प्रशिक्षक डीन स्मिथ आणि नेब्रास्काचे माजी फुटबॉल प्रशिक्षक, तेव्हा काँग्रेसचे सदस्य असलेले टॉम ऑस्बर्न यांनी तिला पाठिंबा दिला. ज्यांनी आयुष्यभर याच खेळावर उपजीविका केली त्यांनीच हा आक्षेप घ्यावा, ही गोष्ट बोलकी आहे. २००८ मध्ये शंभराहून अधिक महाविद्यालयांचे अध्यक्ष व क्रीडा संचालक यांनी एन.सी.ए.ए.ला पत्र लिहून या जाहिराती बंद करण्याची मागणी केली. धोरण मात्र कायम राहिले.

पुराव्याचे वजन

मद्यपानाच्या दुष्परिणामांबद्दल वाद नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेच्या कृतिदलाने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १८ ते २४ वयोगटातील सुमारे १,४०० महाविद्यालयीन विद्यार्थी दरवर्षी मद्याशी संबंधित अपघातांत मृत्युमुखी पडत होते आणि सुमारे ५ लाख विद्यार्थी जखमी होत होते.

यात जाहिरातीचा वाटा किती, हे सांगणे अधिक कठीण आहे. २००६ मध्ये लेस्ली स्नायडर व सहकाऱ्यांनी १५ ते २६ वयोगटातील व्यक्तींच्या पाहणीतून असे दाखविले की, अधिक जाहिराती पाहणारे तरुण अधिक मद्यपान करतात. २००९ मध्ये पीटर अँडरसन व सहकाऱ्यांनी १३ दीर्घकालीन अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांत ३८ हजारांहून अधिक तरुणांचा समावेश होता आणि निष्कर्षाची दिशा तीच होती. तथापि हे अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. ज्याला मद्यात रस आहे त्याला जाहिरात अधिक लक्षात राहते, ही शक्यता पूर्णपणे वगळता येत नाही. त्यातही महाविद्यालयीन सामन्यातील साठ सेकंदांचा परिणाम इतर शेकडो जाहिरातींच्या परिणामांतून वेगळा काढणे जवळजवळ अशक्य आहे.

मद्यउद्योग नेमका या अडचणीचा आधार घेतो. बिअर उत्पादकांच्या संघटनेने २००३ मध्ये आपल्या आचारसंहितेत बदल करून किमान ७० टक्के प्रेक्षक २१ वर्षांवरील असतील तेथेच जाहिरात करण्याचे ठरविले. पूर्वी हे प्रमाण ५० टक्के होते. हा बदल कडक वाटतो. परंतु अमेरिकेच्या एकूण लोकसंख्येत २१ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण साधारण तेवढेच आहे. म्हणजे सर्वसाधारण प्रेक्षकवर्ग असलेला कोणताही कार्यक्रम या चाळणीतून सहज उतरतो.

म्हणूनच महाविद्यालयांनी आपला निर्णय केवळ कार्यकारण सिद्ध होण्यावर अवलंबून ठेवणे योग्य नव्हे. पुरावा इशारा देण्याइतका सबळ आहे. त्यापुढचा प्रश्न संस्थेच्या भूमिकेचा आहे.

नाव आणि रंग

ही भूमिका २००९ मधील एका प्रसंगातून स्पष्ट होते. अनहॉयझर-बुश कंपनीने त्या वर्षी ‘बड लाइट’ बिअरचे डबे निरनिराळ्या महाविद्यालयांच्या रंगांत बाजारात आणले. डब्यांवर कोणत्याही विद्यापीठाचे नाव वा चिन्ह नव्हते; केवळ रंगांच्या जोड्या होत्या. तरीही अनेक विद्यापीठांनी तीव्र हरकत घेतली, मिशिगन विद्यापीठाने कायदेशीर कारवाईचा इशारा दिला आणि केंद्रीय व्यापार आयोगानेही चिंता व्यक्त केली. अखेर हरकत घेणाऱ्या महाविद्यालयांच्या परिसरात हे डबे न विकण्याची तयारी कंपनीने दाखविली.

या प्रसंगातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, कंपनीला बिअर विकण्यासाठी महाविद्यालयाविषयीची आपुलकी हवी होती. दोन रंगांत ती आपुलकी सामावते, हे तिने अचूक ओळखले होते. दुसरी, विद्यापीठांनाही आपल्या रंगांची किंमत कळत होती. मात्र तोच रंग अंगावर घातलेल्या खेळाडूंच्या सामन्यात बिअरची जाहिरात चालते आणि डब्यावर रंग चालत नाही, हा भेद समजणे कठीण आहे. आक्षेप नावाच्या वापराला होता की विनापरवाना वापराला? पुढील घटनांनी या शंकेला बळ दिले. २०१७ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या सहकार्याने ‘ओल्ड ॲगी’ नावाची बिअर बाजारात आली. जे २००९ मध्ये अपमानास्पद होते, ते परवाना शुल्कासह स्वीकारार्ह ठरले.

२०२१ मध्ये महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर उत्पन्न मिळविण्याची मुभा मिळाली. तेव्हा टेक्साससारख्या राज्यांनी कायद्यात मद्य, तंबाखू व जुगार यांच्या जाहिराती खेळाडूंना निषिद्ध केल्या. खेळाडूने आपले नाव मद्याला देऊ नये, हे योग्यच. पण मग ज्या संस्थेचे नाव तो अंगावर वागवतो, तिला वेगळा न्याय का?

प्रतिवादांचा विचार

जाहिरातींच्या बाजूने तीन युक्तिवाद केले जातात. पहिला आर्थिक : प्रक्षेपणाच्या उत्पन्नातून ज्या खेळांना प्रेक्षक नाहीत तेही चालतात आणि शिष्यवृत्त्या मिळतात. हा युक्तिवाद खरा आहे; परंतु उत्पन्नाचा सद्उपयोग त्याच्या उगमाला निर्दोष ठरवीत नाही, अन्यथा तंबाखूलाही दार उघडावे लागेल.

दुसरा युक्तिवाद व्यवहाराचा. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने २०११ मध्ये फुटबॉल मैदानात बिअरविक्री सुरू केली आणि मध्यंतरात बाहेर जाऊन पिऊन परत येण्याची प्रथा बंद केली; त्यानंतर मद्यामुळे होणारे गैरप्रकार घटले. पुढे साउथईस्टर्न कॉन्फरन्सनेही २०१९ मध्ये सर्वसाधारण आसनव्यवस्थेतील मद्यविक्रीवरील बंदी उठविली. तेव्हा बंदीपेक्षा नियमन बरे, असे म्हटले जाते. परंतु विक्री आणि जाहिरात या भिन्न गोष्टी आहेत. मैदानातील विक्रेता ओळखपत्र पाहतो. दूरचित्रवाणीचा पडदा कोणाचेही वय विचारत नाही. नियंत्रित विक्रीचे समर्थन करूनही जाहिरातीला विरोध करता येतो.

तिसरा युक्तिवाद अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा. २००४ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या विद्यार्थी-वृत्तपत्राच्या खटल्यात पेनसिल्व्हेनिया राज्याने घातलेली मद्यजाहिरातींवरील बंदी संघीय अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली. पण हे बंधन शासनसंस्थेवर आहे. एन.सी.ए.ए. ही शासनसंस्था नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच टार्केनियन खटल्यात म्हटले आहे. उलट, शासनाचे हात बांधलेले असल्यामुळे निर्णयाची जबाबदारी महाविद्यालयांवरच अधिक येते.

भारतातील अनुभव याच निष्कर्षाकडे उलट बाजूने नेतो. येथे केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ अन्वये मद्याची प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष जाहिरात निषिद्ध आहे. तरीही २००८ मध्ये आयपीएलमधील बंगळूरच्या संघाचे नाव एका व्हिस्कीच्या नावावरून पडले आणि ते प्रत्येक सामन्यात उच्चारले गेले. कायदा जाहिरातीचे सेकंद मोजू शकतो. नाव कोणाला द्यायचे, हे नाव असणाऱ्यालाच ठरवावे लागते.

समारोप

बिअर कंपनी प्रक्षेपणातील साठ सेकंद विकत घेते, असे करारात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ती विकत घेते ती विद्यापीठाच्या नावाभोवती पिढ्यान्पिढ्या साचलेली आपुलकी. ही आपुलकी वर्गखोल्यांनी, ग्रंथालयांनी आणि शिक्षकांनी निर्माण केलेली असते. क्रीडा विभाग तिचा केवळ एक वाटेकरी आहे. तेव्हा ती विकण्याचा निर्णय केवळ क्रीडा संचालक आणि वाहिनी यांच्यात होणे योग्य नाही. प्रक्षेपणकराराचे नूतनीकरण होताना मद्यजाहिराती वगळण्याची अट घालणे विद्यापीठांच्या हाती आहे आणि बिग टेनने ते एकदा करून दाखविले आहे. जी संस्था आपल्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला खोलीत बिअरचा डबा सापडला म्हणून जाब विचारते, तिला त्याच विद्यार्थ्याच्या खेळाच्या मध्यंतरात तो डबा दाखविण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.