उतरलेल्या पट्टीतलं गाणं

२४ जुलै २०२२. न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ७८ वर्षांच्या गायिका-गीतकार जोनी मिचेल यांनी उभं राहून इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि ‘जस्ट लाइक धिस ट्रेन’ हे आपलं गाणं नुसतं वाजवलं. २०१५मधल्या मेंदूच्या गंभीर आजारानंतर त्यांना चालणं-बोलणंही नव्यानं शिकावं लागलं होतं. गिटारवर बोटं कुठं ठेवायची, हे त्या स्वतःच्याच जुन्या चित्रफिती बघून शिकल्या. श्रोत्यांचे डोळे भरून आले, ते साहजिकच. पण या पुनरागमनाला केवळ चमत्कार म्हटलं, तर त्यांच्या संगीतावर अन्याय होतो. शरीरानं जे काढून घेतलं, त्यातूनच गाण्याची वाट काढणं ही त्यांची जन्मभराची रीत आहे.

कॅनडात वाढलेल्या जोनींना नवव्या वर्षी पोलिओ झाला. डाव्या हातात पुरेसा जोर उरला नाही, म्हणून पुढे त्यांनी गिटारच्या तारा लावण्याची पद्धतच बदलली. अशा पन्नासाहून अधिक पद्धती त्यांनी वापरल्या. त्यातून निघालेले अनिश्चित, कुठंच न विसावणारे स्वरमेळ लोकगीताच्या चौकटीत मावणारे नव्हते. ‘कोर्ट अँड स्पार्क’ या अल्बमसाठी (१९७४) जॅझचे वादक आले. पुढच्याच वर्षी ‘द हिसिंग ऑफ समर लॉन्स’मध्ये बुरुंडीचे ढोल आणि सिंथेसायझर एकत्र वाजले. ‘हेजिरा’त (१९७६) जॅको पास्टोरियस यांचा बास नुसता ठेका न धरता गायिकेशी बोलू लागला. ही सरमिसळ नेहमीच निर्मळ नव्हती: १९७७च्या अल्बमच्या मुखपृष्ठावर त्यांनी घेतलेलं कृष्णवर्णीय पुरुषाचं सोंग आज खटकतं. जॅझ संगीतकार चार्ल्स मिंगस यांच्यासोबतच्या ‘मिंगस’चा (१९७९) ओघही मधल्या बोलण्याच्या तुकड्यांनी तुटतो. पण ठरलेल्या यशाची वाट सोडायचं धाडस त्यात आहे.

मग आवाज उतरला. १९६९मध्ये उंच, पातळ आवाजात गायलेलं ‘बोथ साइड्स नाउ’ त्यांनी २०००मध्ये वाद्यवृंदासह खालच्या पट्टीत गायलं. पहिल्या गाण्यात अनुभवाची चाहूल आहे, दुसऱ्यात त्याचं वजन.

न्यूपोर्टची मैफल निर्दोष नव्हती. गायिका ब्रँडी कार्लाइल आणि इतर कलाकारांनी भोवती बसून दिलेल्या आधाराचं मोल मोठं आहे. पण आपल्याकडे तानपुऱ्यावरचा शिष्य गुरूचा श्वास संपतो तिथं सूर धरतो आणि गुरूनं पुन्हा सूर लावताच मागे सरतो. इथं साथीदार दर वेळी मागे सरले नाहीत. शब्द किंचित रेंगाळत टाकण्याचा जोनींचा ढंग समूहस्वरात अधूनमधून बुडाला.

ऑक्टोबर २०२४मध्ये ‘हॉलिवूड बोल’च्या मैफलीत जोनींनी लोकप्रिय गाण्यांसोबत ‘हेजिरा’सारखी अवघड, फारशी न गायली जाणारी गाणीही घेतली, हे मला अधिक मोलाचं वाटतं. ‘हेजिरा’ हे त्याच नावाच्या अल्बममधलं, एकटीच्या प्रवासाचं गाणं. पूर्वी ते वाटेवर असलेल्या तरुणीनं गायलं होतं. आता प्रवास करून आलेली बाई ते गात होती, आणि उतरलेली पट्टी त्या गाण्याला शोभत होती.