तीन वाद्यांचा संवाद
(मॅक्लॉफ्लिन, एकहार्ट आणि गुर्टू या त्रयीच्या वादनाविषयी)

संगीतातील ‘मिश्रण’ हा शब्द आपल्याकडे बहुधा नापसंतीनेच उच्चारला जातो. आपल्या जालना जिल्ह्यात अंबडच्या दत्तजयंती संगीत महोत्सवाने रागसंगीताची आणि गावोगावच्या भजनी मंडळांनी टाळमृदंगाची गोडी जोपासली. अशा ठिकाणी रॉकचा ठेका आणि इलेक्ट्रॉनिक स्वर कानी पडले की वडीलधारी मंडळी तोंड फिरवतात आणि तरुण मंडळी तिकडेच धाव घेतात. दोन्ही पक्ष ऐकण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. म्हणून अशा मिश्रणाचा एक कसदार नमुना आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. जॉन मॅक्लॉफ्लिन (गिटार), काय एकहार्ट (बास गिटार) आणि त्रिलोक गुर्टू (तालवाद्ये) या त्रयीने २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये केलेले वादन १९९० साली ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने प्रसिद्ध झाले, तोच हा नमुना.

या त्रयीतील त्रिलोक गुर्टू आपल्याला परके नाहीत. त्यांचा जन्म १९५१ साली मुंबईत झाला. ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू या त्यांच्या मातोश्री. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या शिरोडकर. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई यांना अल्लादियाखाँसाहेबांची तालीम लाभली होती. अशा घरात त्रिलोक तबला शिकले आणि पुढे युरोपात जाऊन जॅझचे तालवादक झाले. परंतु तेथेही त्यांनी आपली बैठक सोडली नाही. पाश्चात्त्य ड्रमवादक स्टुलावर बसतो. त्रिलोक तबलजीप्रमाणे खाली बसून ड्रम, तबला, झांजा आणि घंटा वाजवतात. पाण्याने भरलेल्या बादलीत झांज बुडवून तिचा वाकता, विरघळता नाद काढण्याची त्यांची युक्ती प्रसिद्धच आहे. १९८८ च्या ‘उस्फ्रेत’ या आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत त्यांनी आईलाच गावयास लावले. त्यांतील एका रचनेचे नाव ‘शोभारॉक’ आहे. नाव ऐकून हसू येईल, पण आईचा स्वर झाकला न जाता तिच्या भोवतीने वाद्ये कशी उभी करावीत, याचा तो एक धडाच आहे.

जॅझ म्हणजे पाश्चात्त्यांचा गोंगाट, ही समजूतही दूर केली पाहिजे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आणि भक्तिगीतांतून जॅझने आपला प्राण घेतला. त्याचा गाभा आहे उत्स्फूर्त रचना. आपला गवई बंदिशीचा मुखडा धरून उपज करतो, तसाच जॅझवादक एखादी धून धरून तेथल्या तेथे नवे घडवतो. आपल्या समाजाचा तर या संगीताशी जुना संबंध आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले कॅथलिक वादक मुंबईच्या जॅझवृंदांत आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वावरले. ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजलेले ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे सी. रामचंद्रांचे सहायक होते. ‘अलबेला’ (१९५१) मधील गाण्यांवर आजही पावले थिरकतात, त्यांत या मंडळींचा वाटा आहे.

आता प्रत्यक्ष वादनाकडे वळू. आरंभ होतो ‘ब्लू इन ग्रीन’ या रचनेने. माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ मधील ही शांत, उदास धून. स्वतः मॅक्लॉफ्लिन डेव्हिस यांच्या हाताखाली वाजवलेले, पुढे ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’तून रॉकचा झंझावात आणलेले वादक. येथे मात्र त्यांच्या हाती साधी लाकडी गिटार आहे. तारेचे कंपन टिपून ते इलेक्ट्रॉनिक स्वरयंत्राकडे पाठविणारी यंत्रणा तिला जोडलेली आहे. त्यामुळे तारेच्या टणत्काराबरोबर मागून लांब, धुक्यासारखे स्वर उठतात. यंत्र येथे वादकाच्या बोटांची आज्ञा पाळते, वादक यंत्राची नव्हे. एकहार्ट यांची बास गिटार केवळ पाया भरत नाही. ती प्रश्न विचारते, उत्तर देते आणि योग्य वेळी गप्पही बसते. ‘मदर टंग्ज’, म्हणजे मातृभाषा, या दीर्घ रचनेत त्रिलोक तालाचे बोल मुखाने म्हणतात, आणि लंडनच्या श्रोत्यांना शब्दार्थावाचून त्यांची भाषा कळते.

दोष नाहीत असे नाही. काही ठिकाणी वेगाचे प्रदर्शन होते. जलद स्वरांच्या सरींत मूळ धून वाहून जाते आणि टाळ्या कौशल्याला पडतात, आशयाला नव्हे. इलेक्ट्रॉनिक स्वरांचा काही भाग आज जुनाटही वाटतो. यंत्राचे नवेपण फार काळ टिकत नाही. टिकले आहे ते तिघांचे एकमेकांना ऐकणे. आमच्या मते या मैफलीचे खरे मोल तेथे आहे.

मिश्रण केव्हा खरे ठरते? दुसऱ्याची भाषा आधी कष्टाने शिकली तर. मॅक्लॉफ्लिन यांनी एस. रामनाथन यांच्याकडे वीणेचे पाठ घेतले आणि मगच ते ‘शक्ती’ या वृंदात भारतीय वादकांसमवेत बसले. फादर थॉमस स्टीफन्स हेही इंग्रजच. त्यांनी मराठी आत्मसात केली, म्हणूनच १६१६ चे ‘ख्रिस्तपुराण’ ओवीला उपरे वाटत नाही.

हा विचार आपल्या उपासनेलाही लागू पडतो. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीविषयक दस्तऐवजात, प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस योग्य मान द्यावा, असे सांगितले. आपण ढोलकी आणि टाळ आत आणले, कीबोर्डही आणला. पण कीबोर्डातील तयार ठेका एकदा सुरू झाला की तो कोणाचेही ऐकत नाही. वृद्ध आजीचा स्वर मागे पडला तरी तो थांबत नाही. अर्पणगीतात शांतता हवी असली तरी तो चालूच राहतो. दोष यंत्राचा नाही. मॅक्लॉफ्लिन यांच्या हातीही यंत्रच होते. दोष आहे तो ऐकणे यंत्रावर सोपवून देण्याचा.

म्हणून हे वादन गायकवृंदातील तरुणांनी अवश्य ऐकावे, आणि वडीलधाऱ्यांनी त्यांच्या शेजारी बसून ऐकावे. त्याचे अनुकरण मिस्सेत करू नये. ते संगीत उपासनेसाठी रचलेले नाही. परंतु एका रविवारी तयार ठेका बंद ठेवून, ढोलकीवाल्याने लोकांच्या श्वासाकडे कान देऊन वाजवावे, एवढे तर सहज करता येईल. आपल्या प्रार्थनागीतांना त्यातूनच नवा प्राण मिळेल, असा आम्हांला विश्वास वाटतो.