हस्ताक्षरावरचा विश्वास

रहस्यकथेला समीक्षेच्या पंक्तीत सहसा पाट मांडला जात नाही. ती सर्वांनी वाचावी, पण तिच्याविषयी कोणी गंभीरपणे बोलू नये, असा जणू संकेतच आहे. एस. जे. वॉटसन या इंग्रज लेखकाची ‘बिफोर आय गो टू स्लीप’ ही २०११ साली प्रसिद्ध झालेली पहिलीच कादंबरी आम्हीही एका रात्रीची करमणूक म्हणूनच हाती घेतली. ती मिटल्यावर मात्र करमणुकीहून निराळे असे काही मनात रेंगाळत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

क्रिस्टीन ही सत्तेचाळीस वर्षांची स्त्री लंडनमधील एका घरात जागी होते. शेजारी निजलेला पुरुष तिला परका वाटतो. आरशातला स्वतःचा प्रौढ चेहरा पाहून ती हादरते, कारण तिच्या लेखी ती अजून तरुण आहे. तो पुरुष तिला सांगतो की तो तिचा नवरा बेन असून एका अपघातात तिची स्मृती गेली आहे. हे त्याला रोज सांगावे लागते, कारण दिवसभरात तिने जमवलेले सारे रात्रीच्या झोपेत पुसले जाते. डॉ. नॅश नावाचा तरुण डॉक्टर तिला नवऱ्याच्या नकळत रोजनिशी लिहायला लावतो आणि ती कोठे दडवली आहे याची दूरध्वनीवरून रोज आठवण करून देतो. त्या रोजनिशीच्या आरंभीच, तिच्याच हस्ताक्षरात, बेनवर विश्वास न ठेवण्याची ताकीद आहे. पुढचे रहस्य आम्ही फोडणार नाही.

कादंबरीच्या तीन भागांपैकी मधला, सर्वांत मोठा भाग म्हणजे ही रोजनिशी. ती क्रिस्टीन वाचत असते आणि तिच्या खांद्यावरून आपणही वाचत असतो. फरक एवढाच की, काल वाचलेले आज आपल्याला आठवते, तिला नाही. नवऱ्याने परवा एक सांगितले आणि आज दुसरेच, ही विसंगती तिच्याआधी आपल्या ध्यानी येते. वाचक हाच नायिकेची स्मृती होतो, आणि तिला सावध करता येत नाही म्हणून तळमळतो. या योजनेला मनापासून दाद द्यावीशी वाटते.

या कथेचे बीज एका मृत्युलेखात आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन तरुणावर १९५३ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, अपस्मारावरील उपाय म्हणून मेंदूची शस्त्रक्रिया झाली. झटके कमी झाले, पण नवी आठवण साठवण्याची शक्तीच गेली. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने वर्षानुवर्षे त्याचा अभ्यास केला. त्याला मात्र ती प्रत्येक भेटीत नवखीच वाटे. जगाला तो ‘एच. एम.’ या दोन अक्षरांनीच ठाऊक होता. त्याचे पूर्ण नाव सर्वांना कळले ते २००८च्या डिसेंबरात, त्याच्या निधनानंतर.

खऱ्या रुग्णाशी तुलना करता कादंबरीतील सवलत लगेच दिसते. मोलेसनचे लक्ष दुसरीकडे वळले की काही मिनिटांतच मागचे विरून जाई. क्रिस्टीनला मात्र झोप येईपर्यंतचा अख्खा दिवस बहाल केला आहे. मागचे वाचून त्यात नवी भर घालायला नेमका पुरेल एवढा! क्लाइव्ह वेअरिंग या इंग्रज संगीतज्ञाला १९८५ साली मेंदूदाहामुळे असाच आजार जडला. तोही रोजनिशी लिहीत असे. पण आपण या क्षणीच प्रथम जागे झालो अशी नोंद करून तो आधीच्या नोंदी खोडून टाकी; त्या आपल्या हातच्या आहेत हेच त्याला पटत नसे. क्रिस्टीन आपल्या हस्ताक्षरावर श्रद्धा ठेवते. वास्तवात आणि कादंबरीत खरे अंतर पडते ते इथे.

दोष आणखीही आहेत. लांबलचक संवाद शब्दशः नोंदवणारी रोजनिशी पटत नाही. नायिका पूर्वी लेखिका होती, एवढ्या खुलाशाने आमचे समाधान झाले नाही. शेवटचा उलगडाही एका पात्राच्या तोंडून, व्याख्यान दिल्यासारखा होतो. तरीही २०१४ साली निघालेल्या चित्रपटापेक्षा पुस्तक सरस आहे. तेथे रोजनिशीची जागा कॅमेऱ्याने घेतली, आणि आपलेच अक्षर परक्यासारखे वाचण्यातली भीती हरवली.

पण आमच्या मनात रेंगाळले ते रहस्य नव्हे. बेन आधी मुलाचा विषयच दडवतो. क्रिस्टीनला मुलाची चाहूल लागते तेव्हा तो मुलगा गेल्याचे सांगतो. हे दुःख तिला रोज नव्याने भोगावे लागू नये म्हणून गप्प राहिलो, हे त्याचे समर्थन. त्याच्या बोलण्यातले खरे किती, हे कथेवर सोडू. प्रश्न मात्र कथेबाहेरही उरतोच. आमच्या परिचयाच्या एका घरातील वृद्ध आई दिवंगत पतीची वाट पाहत असे. पहिल्यांदा मुलीने खरे सांगितले, तेव्हा आईने नुकतीच वार्ता आल्यासारखा हंबरडा फोडला. तेव्हापासून मुलगी सांगू लागली, ‘‘बाबा वाडीत गेलेत, येतील.’’ ही दया की फसवणूक? कादंबरी वाचण्यापूर्वी आम्ही बेधडक ‘दया’ म्हटले असते. आता वाटते, उत्तर शब्दांत नसून सांगणाऱ्याच्या हेतूत आहे. ज्याची स्मृती दुसऱ्याच्या हाती असते, त्याचे जगणेही त्याच हाती असते. मुलगी ते सांभाळत होती; तेच साधन दुसरा कोणी माणसाला कोंडण्यासाठीही वापरू शकतो, हे वॉटसनने दाखवून दिले आहे.

कादंबरी संपते ती झोपेच्या उंबरठ्यावर. उद्या काय उरेल, हे लेखक सांगत नाही. सारे काही जुळवून देण्याची घाई झालेल्या या कथेने तेवढी एक गाठ सैल ठेवली, हे आम्हांला तिचे सर्वांत प्रामाणिक पान वाटते.