चाचणीतील आकडे आणि मैदानावरील कामगिरी

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा, पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू हातांनी वाहून वा फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत नेण्याचा तो झटापटीचा खेळ आहे. तेथील व्यावसायिक संघ आपले नवे खेळाडू महाविद्यालयीन संघांतून घेतात. दरवर्षी ‘ड्राफ्ट’ नामक निवडसत्रात हे संघ पाळीपाळीने एकेक खेळाडू निवडतात. ज्याचा क्रमांक वरचा, त्याचा करार मोठा. तत्पूर्वी तीनशेहून अधिक निमंत्रित उमेदवारांची शारीरिक चाचणी होते. १९८७ पासून इंडियानापोलिस हे तिचे रूढ स्थान आहे. ४० यार्डांची धाव, उभी उडी, उताणे पडून २२५ पौंडांचे वजन पुनःपुन्हा उचलणे, असे तिचे स्वरूप असते. ह्या चाचणीतील आकडे प्रमाण मानावेत, की महाविद्यालयीन सामन्यांतील कामगिरी, हा तेथील परीक्षकांमधील जुना वाद होय.

चाचणीचा पक्ष दुबळा नाही. महाविद्यालयांचे प्रतिस्पर्धी सारख्या बळाचे नसतात. घड्याळ मात्र सर्वांना सारखे असते. ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाच्या ख्रिस जॉन्सनने २००८ साली ४० यार्डांचे अंतर ४.२४ सेकंदांत तोडले, चोविसाव्या क्रमांकावर त्याची निवड झाली, आणि २००९ च्या हंगामात त्याने चेंडू घेऊन २,००६ यार्डांची मजल मारली. येथे घड्याळाने खोटी साक्ष दिली नाही.

उलट उदाहरणेही आहेत. बोस्टन कॉलेजचा माइक मामुला १९९५ च्या चाचणीत चमकला आणि सातव्या क्रमांकावर निवडला गेला. पुढे पाच हंगामांत त्याने ३१.५ ‘सॅक’ मिळविले, म्हणजे तितक्या वेळा प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्यापूर्वीच पाडले. ही कामगिरी वाईट नव्हे. परंतु त्या क्रमांकाला साजेशीही नव्हे. याउलट टेरेल सग्जने २००२ साली ॲरिझोना स्टेटकडून २४ सॅक मिळविले होते. निवडीपूर्वीच्या धावेत तो मंद ठरला, तरी बाल्टिमोरने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, आणि निवृत्तीपर्यंत त्याचे सॅक १३९ झाले.

म्हणून कामगिरीचा आकडाच खरा, असे म्हणावे काय? तेही घाईचे होईल. हवाई विद्यापीठाच्या कोल्ट ब्रेननने २००६ साली ५८ टचडाउन-फेकी केल्या, पण त्या फेकीवरच सारा भर देणाऱ्या डावपेचांत केल्या. २००८ साली सहाव्या फेरीत निवड होऊनही व्यावसायिक स्पर्धेच्या नियमित हंगामातील एकही सामना त्याच्या वाट्यास आला नाही. ओहायो स्टेटच्या व्हर्नन गोल्स्टनच्या बाजूने तर २००७ मधील १४ सॅक आणि उत्तम चाचणी अशा दोन्ही साक्षी होत्या. सहाव्या क्रमांकावर निवड होऊन न्यूयॉर्क जेट्सकडे तीन हंगाम खेळताना त्याला एकही सॅक मिळाला नाही.

आमच्या मते ह्या वादाचे मूळ एका चुकीच्या विभागणीत आहे. चॉम्स्की ह्यांनी १९६५ साली भाषिक क्षमता आणि भाषेचा प्रत्यक्ष प्रयोग ह्यांत जो भेद केला, तो येथे लावण्याचा मोह होतो: चाचणी म्हणजे शुद्ध क्षमता, आणि सामना म्हणजे परिस्थितीने गढूळ झालेला प्रयोग. वस्तुतः चाचणी हाही एक प्रयोगच आहे, फक्त निराळ्या गोष्टीचा. अंगावर कोणी धावून येत नसता, आधी ठाऊक असलेल्या रेषेत, महिनोन्‌महिने सराव करून धावणे ही स्वतंत्र कृती आहे. शब्दांची यादी स्पष्ट उच्चारांत वाचून दाखविणारा मनुष्य संभाषणात प्रसंगोचित वाक्य बोलेलच, असे कोणताही भाषाभ्यासक म्हणणार नाही. क्षमता कधीच उघडी दिसत नाही. ती अनुमानानेच जाणावी लागते, आणि त्या अनुमानासाठी संदर्भासह झालेला प्रयोग हाच अधिक जवळचा पुरावा ठरतो.

‘संदर्भासह’ हा शब्द महत्त्वाचा आहे. टॉम ब्रेडीची धाव ५.२८ सेकंदांची होती, आणि मिशिगनमधील त्याच्या आकड्यांची बेरीजही डोळे दिपविणारी नव्हती. २००० साली तो १९९ व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. परंतु त्याच वर्षी जानेवारीत, ऑरेंज बोलच्या सामन्यात अलाबामाविरुद्ध दोनदा १४ गुणांची पिछाडी भरून काढून त्याने ३५–३४ असा विजय मिळवून दिला होता. ही साक्ष घड्याळात नव्हती, बेरजेतही नव्हती. ती त्या सामन्याच्या वाचनात होती.

तात्पर्य, सामना हा मूळ पाठ मानावा आणि तो प्रतिस्पर्धी, सहकारी व डावपेच ध्यानात घेऊन वाचावा; चाचणीचा आकडा ही त्याच्या समासातील शंका मानावी. दोहोंत विसंगती दिसली, तर निर्णय न देता मूळ पाठाकडे परतावे. सेकंदाच्या एका दशांशावर एका तरुणाची उपजीविका ठरत असेल, तर परीक्षकाने इतके श्रम घेणे हे त्याचे कर्तव्यच आहे.