आरशापुढे अडलेल्या प्रेमकथा

वयानं मोठी बाई आणि तिच्याहून बराच लहान प्रियकर यांची गतकाळातली प्रेमकथा रंगभूमीला आणि सिनेमाला फार मानवते. मात्र तिचा शेवट बहुधा बाईनं आरशात पाहून ठरवायचा असतो. रिचर्ड स्ट्राउसचा ‘रोझेनकाव्हालिअर’ (१९११) हा ऑपेरा अठराव्या शतकातल्या व्हिएन्नात घडतो. त्यातली मार्शालिन आपण रात्री उठून घड्याळं बंद करतो असं सांगते, आणि अखेरीस सतरा वर्षांच्या ऑक्टाव्हियनला त्याच्या वयाच्या मुलीकडे स्वतःहून सोपवते. (खुद्द स्ट्राउसच्या लेखी ती जेमतेम बत्तिशीची होती!) स्तांदालच्या कादंबरीतली मादाम द रेनाल तर तरुण प्रियकर ज्युलियनपाठोपाठ तीन दिवसांत प्राणच सोडते. या त्यागाला आपण इतकी दाद देतो की पुढे त्या बाईचं काय होतं, हे विचारायचं राहून जातं.

फ्रेंच लेखिका कोलेतनं ते विचारलं. तिच्या ‘शेरी’ (१९२०) या कादंबरीत एकोणपन्नास वर्षांची श्रीमंत गणिका लेआ पंचविशीतल्या शेरीला त्याच्या तरुण बायकोकडे परत पाठवते. तिथंही आरसा आहेच. पण सहा वर्षांनी आलेल्या ‘शेरीचा शेवट’मध्ये युद्धावरून परतलेला शेरी तिला भेटायला जातो, तेव्हा समोर येते ती जाडजूड, पांढऱ्या केसांची, मोकळेपणी हसणारी, खाण्यापिण्यात रस घेणारी बाई. तिचं छान चाललेलं असतं. सोसवत नाही ते त्याला. तरुणपणीच्या लेआच्या फोटोंनी भरलेल्या खोलीत तो स्वतःवर गोळी झाडतो. या कथेवरच्या स्टीफन फ्रिअर्सच्या २००९ च्या चित्रपटात मात्र ही दुसरी लेआ नाहीच. शेरीच्या आत्महत्येची बातमी निवेदकाच्या एका वाक्यात उरकली जाते आणि कॅमेरा लेआ झालेल्या, आरशासमोरच्या मिशेल फायफरच्या देखण्या, खिन्न चेहऱ्यावर थांबतो. म्हणजे ज्या नजरेला कोलेतनं त्या खोलीत मूठमाती दिली, तीच नजर चित्रपट स्वतःची मानतो.

कुणी म्हणेल, दोन कादंबऱ्या एका चित्रपटात कशा मावणार? पण दुसरीचा मृत्यू घेतला आहे; वगळली आहे ती सुखी म्हातारी. अधिक वजनदार आक्षेप असा की लेआचं ते रूप शेरीच्या हादरलेल्या डोळ्यांतूनच दिसतं, आणि म्हणून ते बाईच्या देहाची क्रूर थट्टा ठरतं. वर्णन क्रूर आहे, हे खरं. तरी त्या प्रवेशात हसण्याचा आणि बोलण्याचा हक्क लेआकडे आहे, आणि ती त्याच्याकडे दयेची याचना करत नाही. वार्धक्याची किंमत तोच मोजतो, तीही ऐन तिशीत. फायफरला हा प्रवेश झेपला नसता असं मानायला काही आधार नाही. क्रिस्टोफर हॅम्प्टनच्या पटकथेत तो तिच्या वाट्याला आलाच नाही.