समाजकार्य शिक्षणातील संशोधन पद्धती : एक चिकित्सा

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती व क्षेत्रकार्य शेजारीशेजारी असतात. त्यांची परस्परांशी गाठ मात्र क्वचितच पडते. विद्यार्थी वस्तीत जातो, क्षेत्रकार्य अहवाल लिहितो आणि वर्गात परतून गृहीतक, नमुना निवड, काय-वर्ग चाचणी यांच्या व्याख्या पाठ करतो. लघुशोधप्रबंधाचा विषय तिसरीकडूनच, बहुधा ग्रंथालयातील जुन्या प्रबंधांवरून येतो. प्रस्तुत लेखातील आक्षेप या तुटलेपणावर आहे.

पद्धती म्हणजे प्रश्नावली, हे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. ते कोठे अपुरे पडते, हे गडचिरोली जिल्ह्यातील डॉ. राणी व डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासावरून स्पष्ट होते. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रारी सांगितल्या, प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक आजार आढळले. पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. केवळ प्रश्नावलीवर विसंबणारा संशोधक ५५ वर थांबला असता, आणि त्याची कोष्टके संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्दोषही ठरली असती! न सांगितलेले दुःख नोंदवायचे कसे, हा पद्धतीचा खरा प्रश्न आहे. समाजकार्यकर्त्याला वैद्यकीय तपासणी करता येणार नाही, हे मान्य. परंतु पुनःपुन्हा भेट देणे, स्त्रियांच्या गटात बोलणे, मुलाखतीच्या वेळी सासू घरात होती काय याची नोंद ठेवणे, ही साधने व्यक्तिसहयोगकार्य व गटकार्यातून त्याच्या हाती आलेलीच असतात. संशोधनाच्या तासाला ती वर्गाबाहेर राहतात.

याच दांपत्याच्या गृहाधारित नवजात बालसेवेच्या अभ्यासात (१९९९) ३९ गावांत सेवा दिली गेली व ४७ गावांशी तुलना करण्यात आली. नवजात बालमृत्यू सेवेमुळेच घटले, हे त्या तुलनेविना ठामपणे म्हणता आले नसते. मग ही सेवा न मिळालेल्या गावांविषयी कार्यकर्त्याची भूमिका कोणती असावी? पाठ्यपुस्तके ‘नियंत्रित गट’ एका परिच्छेदात उरकतात. सेवेचा परिणाम अज्ञात असताना तुलना समर्थनीय ठरते. तो कळल्यावर ती लांबविणे समर्थनीय नाही, असे माझे मत आहे. विद्यार्थ्यांनी ते खोडून काढले तरी चालेल, पण हा वाद वर्गात व्हावा.

लघुशोधप्रबंधाचा विषय क्षेत्रकार्य अहवालातूनच निवडला जावा आणि मौखिक परीक्षेपूर्वी निष्कर्ष उत्तरदात्यांना वाचून दाखविले जावेत. त्यांचे आक्षेप शेवटच्या प्रकरणात जसेच्या तसे नोंदवावेत. बहिःस्थ परीक्षकाच्या प्रश्नांपेक्षा ते अधिक अवघड असण्याचा संभव आहे.