नदीच्या मुखाशी एक नाव

ब्रायन फ्रीएलच्या ‘ट्रान्स्लेशन्स’ या नाटकात एक ओढा समुद्राला मिळतो. जागा रेताड, खडकाळ, दलदलीची. गावकरी तिला आयरिशमध्ये ‘बुन ना हावन’ म्हणतात, म्हणजे नदीचं मुख. साल १८३३. डोनेगॉलच्या या किनाऱ्यावर ब्रिटिश लष्कराची मोजणी आली आहे आणि नव्या नकाशासाठी प्रत्येक नाव इंग्रजी वळणाचं करायचं आहे. लेफ्टनंट योलंड आणि त्याचा दुभाषा ओवेन, म्हणजे गावच्या मास्तरांचाच मुलगा, या नावाशी बराच वेळ झटतात. शेवटी ‘बर्नफूट’ ठरतं.

नाव पुसणारे हे हात दुष्ट नाहीत, इथेच फ्रीएलची ताकद मला जाणवते. योलंड तर या भूमीवर लुब्ध आहे. जवळच्या एका चौकाचं नाव ‘टोबर व्री’, म्हणजे ब्रायनची विहीर. ब्रायन नावाचा म्हातारा चेहऱ्यावरची गाठ जावी म्हणून तिथल्या विहिरीच्या पाण्याने रोज तोंड धुवायचा, आणि एके दिवशी तिच्यातच बुडालेला सापडला. आता विहीरही आटली आहे. ही हकिगत आजोबांकडून ऐकलेल्या ओवेनखेरीज कुणाला ठाऊक नाही, मग हे नाव ठेवायचं कशाला, असं तोच विचारतो. ठेवायचा आग्रह धरतो तो इंग्रज!

नाटक इंग्रजीत लिहिलेलं आहे. पात्रं आयरिश बोलतात असं आपण धरून चालायचं. त्यामुळे रंगमंचावर आयरिश प्रत्यक्ष कानी पडते ती मुख्यतः गावांच्या नावांतूनच. म्हणून योलंड आणि गावातली मॉयरा यांचा प्रणयप्रवेश इतका भिडतो. एकमेकांची भाषा न कळणारे हे दोघं. ती दूर जाऊ लागते, तेव्हा तो हलक्या, चाचरत्या स्वरात म्हणतो, ‘बुन ना हावन?’ मग दुसरं नाव, तिसरं. ती थांबते, उत्तरादाखल आपली नावं सांगते, आणि नकाशासाठी गोळा केलेली यादी प्रेमाची बोली होते. १९८० साली डेरीच्या गिल्डहॉलमध्ये पहिला प्रयोग झालेल्या या नाटकातलं हे सर्वांत सुंदर पान आहे.

पुढे योलंड बेपत्ता होतो. तो सापडला नाही, तर गुरं मारू, घरं पाडू, असं मोजणीपथकाचा कॅप्टन लॅन्सी गावकऱ्यांना बजावतो आणि वाड्या-वस्त्यांची नावं वाचतो. त्यात बर्नफूट आहे. समोरच्यांना ते समजावं म्हणून ओवेनलाच उच्चारावं लागतं, ‘बुन ना हावन’.